चित्राखालचं नाव



आजच्या व्याख्यानाची पत्रिका पाहून काही जणांनी मला आल्या आल्याच विचारलं, "यवतमाळात बसून अमेरिकेतल्या मोहावे लोकांच्या जुन्या चित्रांवर बोलायचं कारण काय?" प्रश्न रास्त आहे. आपल्या जिल्ह्यात कोलाम आहेत, गोंड आहेत, परधान आहेत, पुसद-उमरखेडकडे आंध आहेत. त्यांच्याविषयी बोलायचं सोडून इतक्या लांब कशाला जायचं?

मी लांब जाणार आहे ते परत इथेच येण्यासाठी. पैनगंगेच्या काठच्या माणसांचे जुने फोटो कसे पाहावेत, हे मला कोलोरॅडो नदीच्या काठच्या माणसांची चित्रं पाहताना उमगलं. आपलं चित्र आपल्याला फार ओळखीचं वाटतं, म्हणून आपण त्याला प्रश्न विचारत नाही. परक्याचं चित्र पाहताना विचारतो: हे कुणी काढलं? कशासाठी काढलं? यातल्या माणसाचं नाव काय? हेच तीन प्रश्न आज आपल्या घरच्या चित्रांना विचारायचे आहेत.

आधी मोहावे कोण ते सांगतो. ॲरिझोना, कॅलिफोर्निया आणि नेवाडा ही तीन राज्यं जिथे एकमेकांना भिडतात, तिथे कोलोरॅडो नदीच्या काठी राहणारा हा समाज. पूर ओसरला की मागे राहणाऱ्या गाळात मका, शेंगा, भोपळे पेरायचे, अशी त्यांची शेती. त्यांची चित्रं छापली जाऊ लागली ती १८५० च्या दशकापासून. १८५३-५४ साली रेल्वेमार्गाच्या पाहणीसाठी लेफ्टनंट व्हिपल यांची तुकडी तिथून गेली. तिच्यात मॉलहाउझन नावाचा जर्मन चित्रकार होता. त्यानं मोहावे माणसं काढली आणि ती सरकारी अहवालात दगडी छापाच्या चित्रांतून प्रसिद्ध झाली. पाठोपाठ लेफ्टनंट आइव्ह्ज आगबोट घेऊन कोलोरॅडोतून वर गेले. त्यांचा सचित्र अहवाल १८६१ चा. दोन्ही मोहिमांना वाट दाखवणारा एक मोहावे पुढारी होता, इराताबा.

पण या मोहिमांनंतर काय घडलं? १८५९ साली अमेरिकेची फौज नदीकाठी उतरली, मोहावेंचा पराभव झाला आणि त्यांच्याच भूमीवर फोर्ट मोहावे ही लष्करी छावणी उभी राहिली. पाच वर्षांनी, १८६४ मध्ये, इराताबाला वॉशिंग्टनला नेऊन अध्यक्ष लिंकन यांची भेट घडवली गेली आणि न्यूयॉर्कच्या 'हार्पर्स वीकली'त त्याचं लाकडी ठशाचं चित्र छापून आलं. १८७१ मध्ये व्हीलर यांच्या पाहणीबरोबर टिमोथी ओ'सलिव्हन हा छायाचित्रकार आला. त्यानं मोहावेंचे फोटो काढले.

क्रम लक्षात घ्या. आधी मोजणीदार, मग फौज, मग कॅमेरा.

आणि आपल्याकडे? १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८५७ चा उठाव झाला. पलीकडे चांद्याला उठाव करणाऱ्या बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी फाशी दिलं गेलं. आणि त्यानंतर, १८६८ ते १८७५ या वर्षांत, लंडनहून 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. साडेचारशेहून अधिक फोटो, आणि प्रत्येकासोबत त्या त्या जातीजमातीविषयी मजकूर. गव्हर्नर जनरल कॅनिंग आणि लेडी कॅनिंग यांच्या हौसेतून या संग्रहाची सुरुवात झाली होती. पण उठावानंतर ती हौस राहिली नाही, ते सरकारी काम झालं. कोण निष्ठावान, कोण भांडखोर, कोणावर भरवसा ठेवायचा, हे त्या मजकुरात जागोजागी आढळतं. सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये लंडनला गेले तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या मुलानं हा ग्रंथ पाहिला, आणि आपल्या देशातली माणसं अशी मांडलेली पाहून ते फार व्यथित झाले. पुस्तकात ज्यांचे फोटो होते त्यांच्यापैकी ते पुस्तक उघडून पाहणं किती जणांच्या नशिबी आलं असेल?

त्या काळचा एक प्रसंग मला इथे सांगितलाच पाहिजे. १८६० च्या दशकात कलकत्त्याला एक कल्पना निघाली होती, की देशभरातल्या जमातींची जिवंत माणसं एकत्र आणून त्यांचं प्रदर्शन भरवायचं. जिवंत माणसं! आसामच्या अधिकाऱ्यांनी कळवलं, की डोंगरी लोकांना थंडीचे दिवस सोडून इतर वेळी मैदानात आणलं, तर त्यातले काही दगावतील. बेत बारगळला, आणि त्यातून पुढे १८७२ चा डाल्टन यांचा सचित्र ग्रंथ जन्माला आला. पण आपल्या शेजारच्या मध्य प्रांतात तसलाच बेत तडीस गेला. १८६६-६७ च्या जबलपूरच्या प्रदर्शनात मध्य प्रांतातल्या आदिवासींना आणून उभं केलं, त्यांची तपासणी झाली, त्यांच्या भाषांमधल्या शब्दांच्या याद्या झाल्या, आणि १८६८ मध्ये समितीचा अहवाल छापला गेला. त्या अहवालाच्या नावातच या माणसांना 'नमुने' म्हटलं आहे. जवस, कापूस, लाख आणि माणूस, सगळे नमुने.

पुढचे फोटो याच सभामंडपातून आले आहेत, हे ध्यानात ठेवून ते पाहा. १८६९ साली लँप्री नावाच्या गृहस्थांनी माणसामागे दोऱ्यांची चौकट ताणून फोटो काढण्याची पद्धत सुचवली. चौकटीतले चौकोन मोजले की उंची, रुंदी, हातापायांचं प्रमाण कळतं. माणसाला समोरून उभं करायचं, मग बाजूनं. त्या पद्धतीत चेहऱ्यावर हसू असायला जागा नाही. डोळ्यांत राग असायलाही नाही. जुन्या काचपट्टीवरचा फोटो उमटायला काही सेकंद लागत, तेवढा वेळ पुतळ्यासारखं थांबावं लागे. आणि पुस्तक वाचणारे त्या ताठर चेहऱ्यांकडे पाहून ठरवत, की हे लोक मख्ख आहेत.

आता मी जरा छापखान्यात जातो. कॅमेऱ्यातून निघालेला फोटो तसाच्या तसा पुस्तकात छापणं १८८० च्या आधी जवळपास अशक्य होतं. एकतर फोटोची प्रत हातानं पानावर चिकटवायची, 'पीपल ऑफ इंडिया'त तसंच केलं आहे. नाहीतर कारागिरानं त्यावरून लाकडावर किंवा दगडावर चित्र उतरवायचं. हा कारागीर न्यूयॉर्कमध्ये किंवा लंडनमध्ये बसलेला. त्यानं मोहावे माणूस पाहिलेला नाही, गोंड पाहिलेला नाही. त्याला जे अस्पष्ट दिसलं ते त्यानं आपल्या मनानं पुरं केलं. म्हणून जुन्या छापील चित्रांत माणसाचे खांदे ग्रीक पुतळ्याचे असतात आणि मागचं झाड कुठल्याच जंगलातलं नसतं. माणूस आणि कागद यांच्यामध्ये किती हात आले! काढणारा, उतरवणारा, छापणारा, आणि सर्वांत शेवटी, सर्वांत बलवान हात म्हणजे चित्राखाली ओळ लिहिणारा.

त्या ओळीविषयी मला आज सर्वांत जास्त बोलायचं आहे.

१९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. तोवर वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं होतं, आणि पूर्वीचा वणी जिल्हा १९०५ पासून यवतमाळ जिल्हा झाला होता. ग्रंथात कोलामांवर प्रकरण आहे, ते आपल्या वणी भागाविषयीच आहे. गोंडांवरचं प्रकरण मोठं आणि सचित्र. त्यातली चित्रं कोणती? दळण दळणाऱ्या गोंड स्त्रिया. प्रवासाला निघालेले गोंड. बाजारात बांबूच्या बंड्या घेऊन आलेले गोंड. नाचाच्या पोशाखातले माडिया. आणि एक चित्र गोंड स्त्रियांचं, पायांच्या मागच्या बाजूचं गोंदण दाखवण्यासाठी.

त्या शेवटच्या चित्रापाशी थोडं थांबू या. गोंदण पायांच्या मागे आहे, म्हणजे पाठ कॅमेऱ्याकडे. त्या बायकांनी ते गोंदण कितव्या वर्षी करून घेतलं, कुणाच्या हातून, तेव्हा रडल्या की दात आवळून बसल्या, यातलं काही चित्राखाली नाही. आपल्या आज्यांना विचारा. गोंडीण असो, कोलामीण असो की कुणब्याची बाई, प्रत्येक आजी तुम्हाला सांगेल, की सोनं-चांदी इथेच काढून घेतात, वर सोबत येतो तो गोंदणाचा दागिना. आणि आता नदी ओलांडून कोलोरॅडोच्या काठी चला. मोहावे बायका हनुवटीवर रेघा गोंदवून घेत. त्यांची श्रद्धा काय होती? ज्याच्या अंगावर गोंदण नाही त्याला मेल्यावर आपल्या माणसांच्या लोकात प्रवेश नाही. दोन समाज, एकमेकांची गंधवार्ता नाही, मध्ये अर्धी पृथ्वी. आणि देहावरच्या खुणेविषयी दोघांची समजूत इतकी जवळची. छायाचित्रकारांनी दोन्हीकडे गोंदण टिपलं. दोन्हीकडे त्यांना ती नक्षी वाटली. मृत्यूच्या पलीकडे आपली ओळख पटावी म्हणून जी खूण बायकांनी अंगावर घेतली, तीच खूण असलेल्या बायकांचं नाव पुस्तकानं लिहून ठेवलं नाही.

कोणी म्हणेल, त्या काळी नावं लिहायची रीतच नव्हती. तसं नाही. १८७१ मध्ये ओ'सलिव्हननं काढलेल्या एका फोटोखाली लिहिलेलं आहे: मैमन, मोहावे, वाटाड्या आणि दुभाषी. नाव आहे, समाज आहे, कामही आहे. १९०३ साली एडवर्ड कर्टिस यांनी एका मोहावे मुलीचा फोटो काढला. तोंडावर रंगाच्या रेघा, गळ्यात मण्यांच्या माळा, आणि नजर थेट आपल्याकडे. खाली तिचं नाव आहे, मोसा. हाच फोटो पाहून जे. पी. मॉर्गन या धनाढ्यानं १९०६ मध्ये कर्टिस यांच्या अमेरिकन आदिवासींवरच्या सचित्र ग्रंथाच्या प्रकल्पाला ७५ हजार डॉलर दिले, असं सांगितलं जातं. त्यातून वीस खंड उभे राहिले, शेवटचा १९३० साली. मोसाच्या चेहऱ्यावर वीस खंड उभे राहिले! तिच्या वाट्याला त्यातून काय आलं?

कर्टिस यांच्याविषयी मला आदर आहे. त्यांनी जन्मभर कष्ट केले. पण त्यांना आदिवासी हवा होता तो जुनाच. १९१० च्या एका फोटोत पीगन समाजाची दोन माणसं तंबूत बसलेली होती आणि त्यांच्या मध्ये एक घड्याळ होतं. छापताना ते घड्याळ खोडून काढलं. माणसांच्या घरात घड्याळ होतं, आणि ते जगाला दिसू दिलं नाही. हे आपल्याकडेही आजतागायत चालतं. कोलामांचा फोटो हवा असला की नाचताना हवा, डफ वाजवताना हवा. कापूस वेचताना, बँकेच्या रांगेत, मुलीला नर्सिंगच्या परीक्षेला सोडताना नको. घड्याळ आपण अजून खोडतोच आहोत.

आता पैनगंगेवर येऊ. ही नदी आपल्या जिल्ह्याची दक्षिण सीमा. पलीकडे किनवट, पलीकडे आदिलाबाद. पण सोयरिकींना ही सीमा ठाऊक नाही. मुली इकडच्या तिकडे दिलेल्या आहेत, केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेला इकडची माणसं जातात. १९४० साली निजामाच्या राज्यात, जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीमू यांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. जमिनीसाठी उभा राहिलेला माणूस. त्यानंतर गोंड का उठले, याचा अभ्यास करायला निजाम सरकारनं एका परदेशी अभ्यासकाला पाठवलं. क्रम पुन्हा तोच, आधी बंदूक, मागून कॅमेरा.

तो अभ्यासक म्हणजे क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. व्हिएन्नात १९०९ साली जन्मलेला. महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो हिंदुस्थानात होता, हातात जर्मन पासपोर्ट, म्हणजे शत्रुराष्ट्राचा नागरिक. त्याला निजामाच्या राज्यात राहायची मुभा मिळाली. तो आणि त्याची इंग्रज पत्नी बेटी मारलवाई या गोंड गावात राहिले. त्याच्याही गळ्यात कॅमेरा होता, आणि तोही सरकारी कामावरच आला होता. मग फरक कुठे पडला?

फरक पडला मुक्कामात. तो गोंडी शिकला. मारलवाईचे लच्चू पटेल त्याच्या लिखाणात नावानिशी येतात, बोलतात, वाद घालतात. १९४३ साली मारलवाईत गोंड शिक्षक तयार करणारं केंद्र निघालं, आणि गोंडी मुलांसाठी पुस्तकं तयार झाली ती देवनागरीत. (या काळात त्या भागात काम केलेले आपले सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणं लिहिली, हे शिवचरित्रकार म्हणून त्यांना ओळखणाऱ्यांना बहुधा माहीत नसतं.) जमिनीचे पट्टे मिळवून देण्याच्या कामातही हायमेनडॉर्फ यांचा वाटा होता. ज्या जिल्ह्यात हे सारं घडलं त्यात तेव्हा किनवटही होतं आणि राजुराही. किनवट १९५६ मध्ये नांदेडला आलं, राजुरा १९५९ मध्ये चांद्याला. म्हणजे १९४८ च्या 'राज गोंड्स ऑफ आदिलाबाद'मधल्या काही वाटा आज महाराष्ट्रातल्या आहेत.

त्यांचे फोटो पाहा. मोरपिसांचे मोठे मुकुट घातलेले दंडारी नाचातले गुसाडी. किकरी हे वाद्य हातात घेतलेला परधान. नांगरलेली वावरं, अंगणातल्या बाया. माणसं मोजणीला उभी राहिल्यासारखी उभी नाहीत. कॅमेऱ्याकडे कुणाचं लक्ष आहे, कुणाचं नाही, कारण तो कॅमेरावाला रोजचाच झाला होता. तीस-पस्तीस वर्षांनी तो पुन्हा आला, पुन्हा फोटो काढले, आणि गोंडांच्या जमिनी कशा हातच्या गेल्या ते परखडपणे लिहिलं. बेटी १९८७ मध्ये वारल्या, त्यांना मारलवाईतच पुरलं. नंतर हायमेनडॉर्फ यांच्याही अस्थी तिथेच आल्या. त्याच मारलवाईच्या कनक राजू यांना गुसाडी नृत्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली. आता कुणी गुसाडीच्या जुन्या फोटोखाली 'मोरपिसांचा आदिवासी नर्तक' एवढंच लिहिलं, तर ते लिहिणाऱ्याचं अज्ञान ठरेल.

तरी एक गोष्ट उरतेच. हायमेनडॉर्फ यांचे हजारो फोटो आणि चित्रफिती आज लंडनच्या विद्यापीठात, सोआसच्या संग्रहात आहेत. उत्तम जपलेले आहेत, पुष्कळसे संगणकावर पाहता येतात. पण त्यांतल्या किती माणसांना आपण नावानं ओळखतो? आणि ओळखू शकेल असा माणूस लंडनमध्ये आहे, की झरी-जामणीच्या एखाद्या पोडावर, कोलामांच्या वस्तीवर?

श्रोतेहो, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचा नाही. आपला जिल्हा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर कशामुळे माहीत झाला? एका विशिष्ट फोटोमुळे. कुडाची किंवा मातीची भिंत, समोर बसलेली बाई, तिच्या हातात आत्महत्या केलेल्या शेतकरी नवऱ्याची तसबीर. दिल्लीपासून न्यूयॉर्कपर्यंत तो फोटो छापून आला. किती जणींचा! त्यातल्या पुष्कळ जणी गोंड, कोलाम घरांतल्या होत्या. आणि खाली ओळ काय? यवतमाळची विधवा. तिला किती एकर वावर आहे, कर्ज कोणाचं आहे, तिला मुलं किती, ती पुढच्या मृगाला काय पेरणार आहे, काही नाही. फोटो काढणारे वाईट नव्हते. कित्येकांना मनापासून कळवळा होता. पण कळवळ्यानं काढलेला बिननावाचा फोटो आणि मोजणीसाठी काढलेला बिननावाचा फोटो, शंभर वर्षांनी या दोहोंत फरक करता येणार नाही.

नाव देता येतं. ग्रामीण भारताचा लोकसंग्रह म्हणून पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली जी 'पारी' ही संस्था सुरू केली, तिच्या एका उपक्रमात देशाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतले चेहरे गोळा होतात. प्रत्येक चेहऱ्याखाली नाव, काम, गाव. एवढी साधी गोष्ट. मैमनच्या फोटोखाली १८७१ मध्ये जमली होती ती.

पोडांवरच्या कित्येक म्हाताऱ्यांचा आयुष्यातला पहिला फोटो कोणता असेल? १९९३ नंतर मतदार ओळखपत्रं आली तेव्हाचा, किंवा त्याहीनंतर शिधापत्रिकेचा, आधारचा. म्हणजे पुन्हा सरकारच्याच कॅमेऱ्यातला. पण या फोटोखाली नाव आहे, आणि तो फोटो त्यांच्याच घरात, डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला आहे. या दोन गोष्टींची किंमत मी कमी लेखणार नाही.

तेव्हा करायचं काय, हे स्पष्ट सांगतो. रसेल-हिरालाल यांचा ग्रंथ शंभर वर्षांहून जुना आहे, त्यातली चित्रं कुणालाही छापता येतात. हायमेनडॉर्फ यांच्या फोटोंच्या प्रती मागवता येतात. पांढरकवडा आणि पुसद इथे आदिवासी विकासाची प्रकल्प कार्यालयं आहेत, पुण्यात १९६२ पासून आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, जिल्ह्यात आश्रमशाळा आहेत, महाविद्यालयं आहेत. या फोटोंच्या मोठ्या प्रती करून त्या केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी, राळेगावच्या पोडांवर आणि गुड्यांवर न्या. समाजमंदिरात मांडा. म्हाताऱ्या माणसांना खुर्च्या द्या आणि आपण खाली बसा. हे कोण, हा मुकुट कोणी बांधला असेल, हे वाद्य कोण वाजवतं, हे गोंदण कोणत्या घराण्यातलं, हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगू द्या. कोलामीत, गोंडीत. जे सांगतील ते त्यांच्याच मुलांनी लिहावं, आपण दुरुस्त्या सुचवू नयेत. ज्याला फोटोतला माणूस ओळखू येईल, त्याला ती प्रत घरी नेऊ द्यावी. आणि एखाद्या घराला वाटलं, की आपल्या आजीचा पाठमोरा फोटो भिंतीवर टांगू नये, तर तो टांगू नये. तो अधिकार त्या घराचा आहे, ग्रंथालयाचा नाही, माझ्यासारख्या अभ्यासकाचाही नाही.

१९४१ साली जी पोरं हायमेनडॉर्फच्या कॅमेऱ्यापुढून धावली असतील, ती आज नव्वदीला आली आहेत. त्यांच्यानंतर त्या फोटोंतली नावं कुणालाच सांगता येणार नाहीत. म्हणून माझी विनंती आहे, की हे काम पुढच्या वर्षीच्या व्याख्यानासाठी ठेवू नका. या सभागृहात शिक्षक आहेत, महाविद्यालयातले विद्यार्थी आहेत, कोलामी आणि गोंडी घरात बोलणारी तरुण मुलंमुली आहेत. ज्यांना या कामात यायचं असेल त्यांनी आज जाण्याआधी आपलं नाव संयोजकांच्या वहीत लिहून द्यावं.